ओसाड पाणपोई

लोणावळ्याच्या बाजारात, स्टेशनाकडून आलं की डाव्या हाताला, अल्लाउद्दीन आत्तारचं फोटोचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याखालची दीड खोली! पुढच्या खोलीत एक रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना आणि एक जाडजूड मोर. त्या जिन्यासमोर मावळातली निम्मी लग्नाळू माणसं ताठ मान करून उभी राहिलेली. मागच्या अर्ध्या खोलीत अंधार, औषधांचा वास आणि फोटो उठवायच्या काचाच काचा. बाप अत्तरं विकायचा, आजा अत्तरं विकायचा. ‘ह्यांनी नाक सोडलं आणि डोळा धरला,’ असं त्याची बायको हुस्नबानो येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची.

पोट माणसांच्या तोंडांवर चालायचं, पण जीव जडला होता दगडांवर. तोही कसल्या दगडांवर! चांगल्या नांदत्या बंगल्याचा फोटो काढ म्हटलं तर हा तोंड वाकडं करायचा. पण कुठं तीन तोंडांची विहीर आहे, कुठं रानात एक गोल चौथरा आहे आणि तो कुणी कशापायी बांधला ते कुणालाच ठाऊक नाही, असं काही कानावर आलं की संपलं. आलेल्या गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणून वाटेला लावायचा, तिपाई खांद्यावर टाकायचा आणि नवलाख उंबऱ्यापासून भुशीपर्यंत पायपीट करत सुटायचा. हुस्नबानो कपाळाला हात लावून म्हणायची, “अहो, दगडं काय पळून चाललीत? ती उद्याही तिथंच असतील की!” तिचं हे म्हणणं पुढं खोटं ठरलं, पण ते पुढं.

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबानं. साहेब दर थंडीत कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांचे फोटो काढायला यायचा आणि तरणा अल्लाउद्दीन त्याच्या पेट्या वाहायचा. तिथंच तो सगळं शिकला. साहेबाचं एक तत्त्व होतं: जुन्या इमारतीच्या फोटोत माणूस दिसला की फोटो बाटला. माणूस नको, मडकं नको, वाळत घातलेलं धोतर नको. नुसता दगड आणि त्याच्यावरचा उजेड. त्यासाठी साहेबाची युक्तीही होती. भिंगाचं भोक अगदी बारीक ठेवायचं, भिंगावरची टोपी काढायची आणि सावकाश दोनशेपर्यंत मोजायचं. तेवढ्या वेळात समोरून कुणी चालत गेलं तरी काचेवर उठत नाही, कारण चालता माणूस एका जागी ठरतच नाही. बसलेला मात्र उठतो. म्हणून बसलेल्याला हाकलायचं आणि चालत्याला चालू द्यायचं. विलायतेला जाताना साहेबानं आपला जुना कॅमेरा आणि काचांचे डबे अल्लाउद्दीनला दिले आणि हे तत्त्वही दिलं. कॅमेरा चांगला होता हो. तत्त्वानं घात केला.

एकोणीसशे तेरा सालच्या चैत्रात तो वलवणच्या पलीकडं, दोन कोसांवरच्या करंजवाडीला गेला. तिथं घाटाच्या जुन्या पायवाटेवर एक पाणपोई होती. काळ्या दगडाची, दुमजली. वरच्या मजल्यावर दगडी टाकं, पावसाळ्यात ते भरायचं आणि संक्रांतीपर्यंत पुरायचं. खाली अकरा कमानी, आणि गंमत म्हणजे एकही दुसरीसारखी नाही. एक बैलाच्या उंचीची, एक घोड्यावर बसल्या बसल्या पाणी पिणाऱ्याची, एक अगदी बुटकी, डोक्यावरचा भारा खाली न उतरवता वरच्या कट्ट्याला टेकवून बाईला पाणी पिता यावं अशी. बांधणाऱ्यानं तहानलेल्यांची मापं घेऊन बांधल्यासारखं काम. अल्लाउद्दीन तासभर नुसता आतबाहेर करत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

पाणपोई राखणारा अंबाजी तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. टाकं आटलं की ओढ्यावरनं कावडीनं पाणी आणायचं, पाच रांजण भरायचे आणि येईल त्याला पाजायचं, हे त्याच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्याबद्दल पाणपोईची जागा आणि खालची नऊ एकर भातखाचरं त्यांच्याकडं इनाम होती. पाणी पाजाल तोवर खाल, असा मूळचा कागद होता. आगगाडी आल्यावर साहेबलोकांना वाटलं, आता ही वाट कोण चालतंय! पण कोळसेवाले चालायचे, धनगर चालायचे, लोणावळ्याच्या बाजाराला लाकडाच्या मोळ्या घेऊन जाणाऱ्या बाया चालायच्या. अल्लाउद्दीन गेला तो नेमका बाजाराचा दिवस. पाणपोईत जत्रा लोटलेली.

“आबा,” अल्लाउद्दीन म्हणाला, “तेवढी माणसं जरा हलवता का? आणि हे रांजण?”

“रांजन? ते कशापायी वो अल्लाभाऊ?”

“फोटो स्वच्छ येतो.”

एवढंच पुरलं. अंबाजीच्या पाणपोईचा फोटो निघणार म्हटल्यावर त्याला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं एकट्यानं पाची रांजण ओढून मागच्या आंब्याखाली नेले. पाणी वाढायची ओगराळी नेली, घोंगडी नेली, शेळी सोडून लांब बांधली. पाणी पिणाऱ्या बायांना “व्हा गं भायेर, फोटू काडत्यात” म्हणून बाहेर काढलं. ओली फरशी आपल्या मुंडाश्यानं पुसली. अल्लाउद्दीननं फरशी सुकेस्तोवर वाट पाहिली, उन्हाची तिरीप अकराव्या कमानीत येऊ दिली आणि टोपी काढली. तो मोजत होता तेवढ्या वेळात अंबाजी काही एका जागी थांबला नाही. ह्या कमानीतून त्या कमानीत, काडी उचल, पान उचल, अशा त्याच्या येरझारा चालू. अल्लाउद्दीननं त्याला अडवलं नाही. चालता माणूस उठत नाही, हे त्याला माहीत होतं.

फोटो असा आला की काय सांगावं! दगडाचा कण न् कण मोजून घ्यावा. मुंबईला फोटोंचं एक प्रदर्शन भरलं, त्यात त्यानं तो पाठवला. खाली नाव लिहायला लागतं म्हणून साहेबाच्या फोटोंखालची नावं आठवून त्यानं आपल्या वळणदार हातानं लिहिलं: ‘ओसाड पाणपोई, करंजवाडी, मावळ.’ ओसाड हा शब्द त्याला भारदस्त वाटला. प्रशस्तिपत्रक मिळालं. पाठवलेल्या प्रती तिथंच खपल्या, आणि कुणी घेतल्या ते विचारायचं भानही त्याला उरलं नाही. प्रशस्तिपत्रक त्यानं दुकानात मोराच्या पडद्याशेजारी लावलं.

पुढं तीन वर्षांनी त्या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. कोण्या कंपनीचं काम, मोजणीवाले आले, खुंट्या ठोकल्या गेल्या. ज्यांच्या जमिनी जायच्या त्यांना दुसरीकडं जमीन मिळणार होती. पण इनामाची भानगड वेगळी. पाणपोई चालू असेल तर अंबाजीला जमिनीच्या बदली जमीन. पाणपोई बंद पडलेली असेल तर चाकरी संपली, इनाम संपलं, जमीन सरकारजमा, आणि अंबाजीनं झोळी घेऊन कुठंही जावं. गावानं साक्ष दिली, पण गावची साक्ष गावच्याच माणसाच्या बाजूची, ती कोण धरतो?

अंबाजीच्या वतीनं अर्ज लिहिला तळेगावच्या गंगाधरपंत मुखत्यारांनी. भला माणूस. त्यांनी विचारलं, “अंबाजी, चालू असल्याचा काही पुरावा?” अंबाजी छाती काढून म्हणाला, “हाय की! लोनावळ्याच्या अल्लाभाऊंनी फोटू काडलाय. मंबईला मान मिळाला त्येला!” पंतांनी फोटो न बघताच अर्जात लिहून टाकलं की छायाचित्र सुनावणीच्या वेळी सादर करण्यात येईल.

पंतांचा निरोप आला तेव्हा अल्लाउद्दीन खुशीत अंधाऱ्या खोलीत गेला, काच काढली, नवीन छाप काढला. ताटलीत चित्र हळूहळू वर यायला लागलं. कमानी आल्या, फरशी आली, उन्हाची तिरीप आली. आणि तो ताटलीवर वाकला. तीन वर्षं ज्याचं प्रशस्तिपत्रक भिंतीवर मिरवलं, ते चित्र त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. कुणी नव्हतं. माणूस नाही, रांजण नाही, फरशीवर पाण्याचा थेंब नाही. शंभर वर्षांत कुणी पाय ठेवला नसेल अशी जागा त्यानं स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.

गंगाधरपंतांना छाप दाखवला तर त्यांनी तो मेजावर पालथा घातला. “अहो आत्तार, हे काय हो! आता अर्जात लिहून बसलोय. नाही दिला तर म्हणतील, दडवला.”

अल्लाउद्दीन पुन्हा कॅमेरा घेऊन करंजवाडीला पळाला. पण पायवाट खालच्या अंगाला धरणाच्या पायाच्या खोदकामानं तोडली होती. पाची रांजण काठोकाठ भरलेले, अंबाजी ओगराळं घेऊन बसलेला, आणि दिवसभरात एक माणूस फिरकला नाही. शिवाय सुनावणीला पुरावा जमीन घेण्याच्या नोटिशीच्या आधीचा हवा होता. तो तसाच परत आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं आणि बायकोला सांगायला लागला. हुस्नबानोनं सगळं ऐकून घेतलं आणि साधेपणानं म्हणाली, “पाटलांच्या सुनेच्या फोटोतला गालावरचा व्रण तुम्ही शिसपेन्सिलीनं घालवलात ना? मग एक रांजण घाला की ह्यात. खोटं थोडंच आहे? रांजण होतेच की तिथं.”

हो! होतेच की तिथं! त्यालाही ते पटलं. दोन दिवस तो काचेवर वाकून बसला. तीन रांजण घातले, एकावर ओगराळं ठेवलं, फरशीवर ओल दाखवली, बुटक्या कमानीशी मोळीवाली एक बाईसुद्धा बसवली. हाताला काय कसब होतं त्याच्या! पंतांनी दुसरा छाप पाहिला आणि सुटकेचा श्वास टाकला. “दुसरा सापडला वाटतं!” अल्लाउद्दीननं मान हलवली. ती मान त्यानं हलवायला नको होती, असं तो पुढं जन्मभर म्हणत राहिला.

सुनावणी वडगावच्या कचेरीत झाली. अधिकारी आपलाच माणूस होता, पुण्याकडचा, शांत, डोळ्यांवर सोनेरी चष्मा. त्यानं फोटो निरखून पाहिला आणि म्हणाला, “चालू दिसतेय खरी.” मागच्या बाकावर अंबाजी इस्त्रीचं धोतर नेसून बसला होता. त्यानं अल्लाउद्दीनकडं बघून असे हात जोडले की अल्लाउद्दीनला तिथून गडप व्हावंसं वाटलं.

मग कंपनीच्या बाजूचा वकील उठला. त्यानं पिशवीतून एक चौकट काढून मेजावर ठेवली. धरणाच्या एका इंजिनियरनं मुंबईच्या प्रदर्शनात हौसेनं घेतलेली प्रत. तीच तिरीप, त्याच कमानी, तीच सावली. फक्त रांजण नाहीत, ओल नाही, बाई नाही. आणि खाली अल्लाउद्दीनचं वळणदार अक्षर.

“हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“मोठ्यानं वाचा.”

त्यानं चौकट वकिलाकडं परत सरकवली. वकिलानंच वाचलं. ‘ओसाड पाणपोई.’ कचेरीत कुणीतरी फिसकन हसलं.

मग मात्र अल्लाउद्दीन बोलायला लागला. सगळं खरं बोलला. रांजण मीच हलवायला सांगितले, बायांना मीच बाहेर काढलं, अंबाजीआबा तर टोपी उघडी असताना आतच फिरत होते, पण चालता माणूस काचेवर उठत नाही, साहेब, दोनशे मोजावे लागतात. बोलताना शब्द एकमेकांवर आदळायला लागले. अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसला.

“म्हणजे आत फिरणारा माणूस फोटोत दिसत नाही, आणि फोटोत दिसणारी बाई तिथं नव्हती,” तो म्हणाला. “आत्तार, आता मी तुमचं काय खरं धरू?”

बरोबरच होतं त्याचं. काय धरणार तो? अर्ज फेटाळला. खोटा पुरावा दिला म्हणून गावाच्या साक्षीही त्याच्याबरोबर वाहून गेल्या. गंगाधरपंत अल्लाउद्दीनशी एक शब्द न बोलता टांग्यात बसून निघून गेले.

बाहेर चिंचेखाली अंबाजी उभा होता. शिव्या घालील, गचांडी धरील, असं अल्लाउद्दीनला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अंबाजी नुसता गोंधळलेला होता.

“अल्लाभाऊ, तुमी रांजन पेन्सलीनं कशाला काडलं? आमचं खरं हुतं की. आंब्याखाली हुतं.”

अल्लाउद्दीन त्याचे पाय धरायला वाकला, तर अंबाजीनंच त्याला वर उचललं. “आसं करू नगा,” म्हणाला, “लोक बगत्यात.”

दोन पावसाळ्यांनी पाणी चढलं. आधी भातखाचरं, मग आंबा, मग एकेक कमान, बुटकी सगळ्यांत आधी. अंबाजी वरच्या माळावर झोपडी बांधून राहिला. पोट कशावर? धरणाच्याच उरलेल्या कामावर मजुरांना पाणी पाजायला ठेवला त्याला. तिथं डोक्यावर मडकं घेऊन तो दहा वर्षं हिंडला, आणि काम संपल्यावर तेही सुटलं. मुलगा गिरणीत गेला तो परत आला नाही.

अल्लाउद्दीननं त्यानंतर एकाही इमारतीचा फोटो काढला नाही. प्रशस्तिपत्रक उतरवलं. साहेबाच्या काचांचे डबे फळीवर टाकले आणि मोराच्या पडद्यासमोर माणसं उभी करत राहिला. थंड हवेला येणारे शेटलोक, नवरानवरी, पदवीचा झगा घातलेले पोरगे. काम नीटनेटकं, बोलणं कमी. पहिल्यासारखे ते हसत नाहीत, असं हुस्नबानो म्हणायची, आणि मग पहिल्यासारखे म्हणजे कसे, ते तिलाही आठवेनासं झालं. वर्षातून एकदा, ईदेच्या दुसऱ्या दिवशी, तो शेवयांचा डबा घेऊन अंबाजीच्या झोपडीवर जायचा. दोघं पाण्याकडं तोंड करून बसायचे. पाणपोईचा विषय कुणी काढायचं नाही.

त्रेचाळीस साली तो विषय अंबाजीनं काढला. पंचाहत्तरी उलटलेली, हातापायांना कायमचा कंप. वैशाखात पाणी फार खाली गेलं होतं आणि पाणपोईचा वरचा मजला उघडा पडला होता, गाळानं माखलेला.

“अल्लाभाऊ,” तो म्हणाला, “येक मागतो. मला आन तिला येका फोटूत घ्या. घरान्यात कुनी तरी हितं हुतं, येवडं ऱ्हाऊंद्या.”

लढाईचे दिवस, नवीन काचा मिळायच्या नाहीत. फळीवरच्या डब्यात साहेबाच्या वेळच्या तीनच जुनाट काचा उरल्या होत्या. एवढ्या वर्षांत मंदावलेल्या काचा, त्यांना वेळ द्यावाच लागणार होता. अठ्ठावन्न वर्षांचा अल्लाउद्दीन तिपाई खांद्यावर घेऊन चिखल तुडवत खाली उतरला. अंबाजीला टाक्याच्या कठड्यापाशी उभा केला. हातात ओगराळं दिलं.

“आबा, आता हलायचं नाही. अगदी दगडासारखं राहायचं. मी मोजतो.”

“न्हाई हलत,” अंबाजी म्हणाला. त्यानं दात आवळले, कठडा घट्ट धरला. अल्लाउद्दीननं टोपी काढली आणि मोजायला लागला. चाळीसपर्यंत त्याला दिसलं की अंबाजीचं डोकं डुलतंय. साठपर्यंत गुडघे. थांबावं तर काच फुकट, चालू ठेवावं तर माणूस फुकट. तो मनातल्या मनात ‘अल्ला, याला एवढा वेळ धर’ म्हणत मोजत राहिला. तिन्ही काचा तशाच गेल्या.

छाप दोरीवर वाळत होते तेव्हा हुस्नबानो आत आली. डोळ्यांना तिला कमी दिसायला लागलं होतं. तिनं एक छाप उजेडाकडं धरला, पदराच्या टोकानं पुसू लागली. “अहो, काठाशी हा डाग कसला पडलाय? निघंना.”

“पुसू नकोस,” अल्लाउद्दीन म्हणाला. “अंबाजीआबा आहेत ते.”

तो फोटो घेऊन झोपडीवर गेला. खोटं बोलायचं नाही एवढं त्यानं ठरवलं होतं. काचेवर पेन्सिल लावली असती तर अर्ध्या तासात म्हातारा ठसठशीत उभा राहिला असता, पण हात धजावला नाही. अंबाजीनं फोटो दोन्ही हातांनी धरला, लांब धरला, जवळ धरला.

“आन मी कुटं?”

अल्लाउद्दीननं कठड्याजवळच्या धुरकट पट्ट्यावर बोट ठेवलं.

अंबाजीनं त्या पट्ट्याला आपलंही बोट लावून पाहिलं. मग त्याला अल्लाउद्दीनची दया आली असावी. त्यानं फोटो धोतराला पुसला, भिंतीशी टेकवून ठेवला आणि म्हणाला, “आसूंद्या. दगूड मातुर लय झ्याक आलाय.”